खुर्चीकाका सभासद झाले त्याची गोष्ट

ख्रिस्ती मंडळीत त्यांना सगळे खुर्चीकाका म्हणत. रविवारची उपासना संपली की घडीच्या लोखंडी खुर्च्या मिटून भिंतीशी रचून ठेवायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं, आणि ते इतकं चोख करायचे की रचलेल्या खुर्च्यांची कड सुतात असायची. एकशे बारा खुर्च्या. शेवटी एकदा मोजायच्या आणि मगच दिवे बंद करायचे. "काका, एखादी पळून जाते की काय?" असं कुणी चेष्टेने विचारलं की काका हसायचे. तीस वर्षं त्यांनी रोज सकाळ-संध्याकाळ माणसं मोजली होती, तुरुंगात, आणि हे इथे कुणालाच माहीत नव्हतं.

ते लपवायचं असं त्यांनी ठरवलं नव्हतं. बायको या मंडळीची जुनी सभासद. नवरा काय करतो असं कुणी विचारलं तर ती म्हणायची, "सरकारी खात्यात आहेत." तिच्या हयातीत काका तिला दारापर्यंत सोडायचे आणि समोरच्या टपरीवर चहा पीत बसायचे. ती गेल्यावर महिन्याभराने तिचं गीतांचं पुस्तक परत द्यायला म्हणून ते पहिल्यांदा आत शिरले. मंडळीची जागा म्हणजे एक बंद पडलेला छापखाना. जमिनीत यंत्रांच्या बोल्टांची भोकं तशीच होती, कोपऱ्यात शाईचा वास अजून रेंगाळत होता. पुस्तक देऊन निघायचं तर गाणं सुरू झालं, आणि गाणं चालू असताना उठणं बरं दिसणार नाही म्हणून ते मागच्या रांगेत बसले. पुढच्या रविवारी कसलंच निमित्त नव्हतं, तरी आले.

तिसऱ्या की चौथ्या महिन्यात रंगाऱ्याने उपासनेत साक्ष दिली, म्हणजे आपल्या आयुष्यात काय काय घडलं ते सगळ्यांसमोर सांगितलं. रंगारी म्हणजे चाळिशीतला, वाळकुडा, कायम बाहीवर चुन्याचे थेंब असलेला माणूस. दारात उभा राहून तोच सगळ्यांच्या हातात गीतांची पुस्तकं द्यायचा. तो पुढे उभा राहिला आणि बोलू लागला. तरुणपणी एका मारामारीत नाव आलं, दोन वर्षं आत काढली. आत असताना एका संध्याकाळी बराकीत गोंधळ झाला, दिवे गेले, आणि मागून कुणीतरी डाव्या कानावर असा फटका मारला की शुद्ध आली ती तुरुंगाच्या दवाखान्यात. कान गेला तो गेलाच, वर तोलही गेला. शिडीच्या दुसऱ्या पायरीवर उभं राहिलं की गरगरतं. "कागदावर लिहिलं, न्हाणीघरात घसरून पडला," रंगारी म्हणाला. "माझ्या आईने मरेपर्यंत तेच खरं धरलं. आता भिंतीचा खालचा भाग मी रंगवतो, वरचा ही रंगवते." लोक हळूच हसले. त्याची बायको पदर सावरत खाली बघत राहिली.

मागच्या रांगेत काकांनी भिंतीला पाठ टेकवली. तो गोंधळ त्यांना आठवत होता. बॅटरीच्या उजेडात पाठमोरा दिसलेला तो पोरगेला माणूस आठवत होता. आपला हात आठवत होता. ती बराक त्यांच्या पाळीची नव्हती, गोंधळ ऐकून ते तिकडे धावले होते. त्या माणसाने आपलं तोंड पाहिलेलं नाही हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं, कारण दुसऱ्या दिवशी चौघा शिपायांनी न्हाणीघराचा जबाब लिहून त्याखाली सह्या केल्या तेव्हा सगळ्यात आधी काकांनी हेच विचारून घेतलं होतं.

दुसरा कुणी असता तर त्या दिवसापासून तिकडे फिरकला नसता. काका जात राहिले. का, हे त्यांना सांगता आलं नसतं. घरी लेक होती, जावई होता, चौथीतली नात होती, कशाला म्हणून ददात नव्हती. पण रविवारी तिथे नाही गेलं तर आठवडा जायचा नाही. ते लवकर जायचे, रंगाऱ्याच्या हातून पुस्तक घ्यायचे, मान खाली घालायचे आणि मागच्या रांगेत भिंतीला पाठ लावून बसायचे. उपासनाभर त्यांची नजर रंगाऱ्याच्या डाव्या कानावर असायची. असं दीड वर्ष गेलं.

महिन्यातून एकदा प्रभुभोजन असायचं. भाकरीचं ताट रांगेतून हातोहात फिरे. ते फक्त सभासदांसाठी. काका ताट घ्यायचे आणि तुकडा न घेता शेजाऱ्याकडे द्यायचे. एकदा शेजारी रंगारी होता. ताट घेताना तो काकांच्या कानाशी वाकून म्हणाला, "किती दिवस नुसतं पुढे सरकवणार, काका? आता घ्या, सभासदांत नाव देऊन." काकांनी ताट इतक्या घाईने पुढे ढकललं की दोन तुकडे जमिनीवर पडले.

त्याच आठवड्यात उपासना चालवणाऱ्या पाळकांनीही विषय काढला. पाळक चाळिशीचे, पूर्वी शाळेत मास्तर होते. एखाद्या पोराचं उत्तर यायची वाट बघावी तसे समोरच्याकडे बघत थांबायची त्यांना सवय होती.

"फारसं काही नाही, काका. हा एक कागद भरायचा. मग एका रविवारी पुढे उभं राहून दोन प्रश्नांना हो म्हणायचं. मग सगळे सभासद एकेक करून येऊन हात हातात देतात. त्याआधी मी प्रत्येकाला एकच विचारतो. कुणाचं काही वाईट केलेलं आणि झाकून ठेवलेलं आहे का? असलं तर आधी तिथे जाऊन यायचं."

"नाही," काका म्हणाले. इतक्या पटकन की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. हाच तो जुना जबाबाचा आवाज होता, सरळ, कोरडा.

पाळक थांबले, वाट बघितली, आणि मग कागद त्यांच्या हातात दिला.

तो कागद काकांच्या खिशात सतरा दिवस होता. त्या सतरा दिवसांत त्यांचं जेवण निम्म्यावर आलं. दाराची बेल वाजली की दचकायचे. सगळे सभासद येऊन हात हातात देणार, म्हणजे रंगारीही येणार. आणि त्याच्या हातात द्यायचा तो फटका मारणाराच हात. अठराव्या दिवशी ते पाळकांच्या खोलीत गेले, दार लावून घेतलं आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. तुरुंग, बॅटरी, कान, जबाब.

पाळकांचा चेहरा उतरला.

"खरं सांगू काका? तुम्ही मला हे सांगितलं नसतं तर बरं झालं असतं, असं आत्ता मला वाटतंय. आणि त्याचीच भीती वाटतेय." मग म्हणाले, "त्यांना कळलं पाहिजे. पण माझ्या तोंडून नाही. आणि ते म्हणाले की हा माणूस मला इथे नको, तर?"

"तर नाही येणार."

"ते इतकं सोपं नाही," पाळक म्हणाले.

जबाबावर चार सह्या होत्या. एक शिपाई वारला होता, एक परमुलखात मुलाकडे. उरला काकांचा जोडीदार, ज्याच्याबरोबर वीस वर्षं एका पाळीत काढली. आपण तोंड उघडलं तर झळ त्यालाही लागणार. त्याला आधी सांगावं, एवढं तरी आपण त्याचं देणं लागतो, असं काकांना वाटलं. जोडीदाराने बसस्टँडजवळ झेरॉक्सचं दुकान टाकलं होतं. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. त्याने स्टूल पुढे केलं, चहा मागवला, सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ऐकताना एका जाड पुस्तकाची पानं उलटून उलटून यंत्रावर ठेवत होता. यंत्राचा हिरवा उजेड त्याच्या हनुवटीवर येत-जात होता.

"देवधर्म चांगला रे," तो म्हणाला. "माझी बायकोपण करते. पण देवाला घरी बसून सांगावं. त्याला सगळं ऐकू येतं म्हणतात."

"मी तुझं नाव घेणार नाही."

"सही तर वाचता येईल ना त्यांना?" पान उलटलं. उजेड गेला, आला. "नात कितवीत आता?"

"चौथीत."

"तीच ना, कोपऱ्यावरच्या पिवळ्या इमारतीतली शाळा? एकटीच असते का रे येता-जाताना?"

जोडीदाराने वर पाहिलंसुद्धा नाही. कागदांचा गठ्ठा ठोकून सरळ केला आणि म्हणाला, "चहा घे, गार होतोय."

त्या दुपारी काका धावत म्हणावं तसे शाळेपाशी गेले आणि शाळा सुटेपर्यंत फाटकाला धरून उभे राहिले. नात बाहेर आली, त्यांना बघून खूश झाली, आणि घरापर्यंतच्या वाटेवर सारखी म्हणत राहिली, "आजोबा, हात दुखतोय, हळू धरा ना."

आता लेकीला सांगणं भागच होतं. ती पलंगावर बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. बाबा तुरुंगात नोकरीला होते पण कुणावर कधी हात उगारला नाही, हे ती लहानपणापासून मैत्रिणींना सांगत आली होती. घरात तसंच बोललं जायचं. काकांनी सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत. पाच-सहा घड्या झाल्या.

"आईला माहीत होतं?"

"नाही."

"म्हणजे तिलाही न्हाणीघरच सांगितलंत." तिने नातीचा फ्रॉक उचलला, तो तसाच मांडीवर ठेवला. "एकच होता का, बाबा? की याचा कान गेला म्हणून हा लक्षात राहिला?"

काकांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. तीस वर्षं सगळं मोजत आलेल्या माणसाला हे कधी मोजायचं सुचलं नव्हतं. लेकीला जे कळायचं ते कळलं.

"आणि तो झेरॉक्सवाला माझ्या पोरीच्या शाळेचं नाव घेतो," ती म्हणाली. आवाज अजिबात चढला नव्हता. काकांना वाटलं, ओरडली असती तर बरं. "तुम्हाला जे करायचं ते करा. बरोबर असेल तेच करत असाल. पण या घरात राहून नको. मला भीती वाटते. त्याची वाटते, आणि आता तुमचीपण वाटायला लागली."

जावयाने आठ दिवसांत खोली शोधून दिली, एका जुन्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर. एक खाट, एक टेबल, बाहेरच्या बाजूला नळ.

रंगारी आणि त्याची बायको त्या दिवसांत एका दाताच्या डॉक्टरांचा दवाखाना रंगवत होते. काका दोनदा दारापर्यंत जाऊन परत फिरले. तिसऱ्यांदा आत गेले. खोलीभर वर्तमानपत्रं पसरलेली, रुग्णांच्या खुर्चीवर प्लास्टिक टाकलेलं. बायको शिडीवर छताखालची पट्टी ओढत होती. रंगारी खाली उकिडवा बसून खिडकीखालची भिंत घासत होता. काका त्याच्या जवळ जाऊन बसले आणि एका दमात बोलले. मीच तो. मी तुरुंगात शिपाई होतो. तुमच्या कानावर तो फटका मी मारला, आणि न्हाणीघराचा जबाबही मीच सांगितला.

रंगारी घासतच राहिला. मग बाजूला माणूस आहे हे जाणवून वळला, ओळखीचं हसला. "अरे, काका! काय म्हणत होतात? या बाजूने बोला, तो कान गेलाय."

काका डाव्या बाजूला बसले होते. चुकून बसलो असं त्यांनी पुढे पाळकांना सांगितलं, आणि सांगता सांगता कबूल केलं की चुकून नाही. त्या क्षणी त्यांना वाटलं होतं, झालं, आपण सांगितलं, आता उठून जावं. पण वर शिडीवर ब्रशाचा आवाज थांबला होता. रंगाचा एक ओघळ भिंतीवरून खाली येत होता आणि कुणी पुसत नव्हतं.

"परत सांगा," वरून बायको म्हणाली. "त्यांना ऐकू येईल असं."

काका उठले. रंगाऱ्याच्या मागून वळसा घालून जायचं तर पुन्हा त्याच्या पाठीमागे जावं लागणार, म्हणून समोरून, रंगाचा डबा ओलांडून, उजव्या बाजूला आले आणि एकेक वाक्य परत म्हणाले. या वेळी वाक्यं तुटत होती.

रंगाऱ्याच्या हातातला पॉलिश पेपर खाली पडला. त्याने तळहात भिंतीला टेकवला आणि तसाच बसून राहिला. बायको शिडीवरून उतरली आणि दोघांच्या मधे उभी राहिली.

"मी दीड वर्ष तुम्हाला पुस्तक देतोय," रंगारी म्हणाला. काकांकडे तो बघत नव्हता. "मला सांगून काय उपयोग? न्हाणीघरात पडला असं जिथे लिहून दिलंत, तिथे जाऊन सांगा. आता जा."

काका गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी, पाय मागे ओढत असताना, तुरुंगाच्या कचेरीत गेले. समोरचा कारकून पोरसवदा होता, दांडी मोडलेल्या चष्म्याला दोरा बांधलेला. एकोणीस वर्षांपूर्वीचं प्रकरण म्हटल्यावर त्याने कपाळाला आठ्या घातल्या. "आजोबा, नक्की द्यायचाय का अर्ज? पेन्शनला लागेल हे." काका हो म्हणाले. सही करताना अक्षर इतकं वेडंवाकडं आलं की कारकुनाने पुन्हा एकदा करायला लावली.

पुढच्या महिन्यापासून पेन्शन थांबली, चौकशी होईपर्यंत. मग फोन सुरू झाले. रोज दुपारी चारच्या सुमाराला फोन वाजायचा. पलीकडून कुणी बोलायचं नाही. नुसता झेरॉक्सच्या यंत्राचा आवाज यायचा, घर्र, मग खट्. काका कानाशी धरून ऐकत राहायचे. ठेवून द्यायचं धाडस होत नसे, आणि नंबर बदलावा तर लेकीचा फोन कधीतरी येईल ही आशा होती. खोलीच्या दाराला त्यांनी दुसरी कडी बसवून घेतली.

यापेक्षा वाईट होतं ते मंडळीत. रंगारी यायचा बंद झाला. दारात पुस्तकं द्यायला दुसराच कुणी उभा राहू लागला. या कानाचं त्या कानाला होत सगळ्यांना कळलं, आणि मंडळीत दोन तट पडले. काही म्हणत, मोठं मन लागतं असं कबूल करायला. काही म्हणत, स्वतःचं मन हलकं केलं आणि दुसऱ्याला मंडळीबाहेर काढलं. काकांना दुसऱ्या तटाचं म्हणणं पटायचं. त्यांनी सभासदत्वाचा कागद पाळकांच्या टेबलावर परत ठेवला.

"त्याची जागा होती ही. मी येत नाही आता."

"तुम्ही गेलात म्हणून ते येतील असं नाही," पाळक म्हणाले. "त्यांनाच विचारू. थांबा."

चार महिने थांबावं लागलं. मग एका सकाळी चाळीचा जिना चढून रंगाऱ्याची बायको आली. काकांनी दोन्ही कड्या काढल्या. ती आत आली नाही, उंबऱ्यातच उभी राहिली.

"त्यांना यायचंय. बंद दाराच्या खोलीत शंभर माणसांत बसायला त्यांना नऊ वर्षं लागली होती. ते सोडवत नाही त्यांना. पण तुम्ही मागे बसता. तुम्ही मागे असताना ते बसू शकत नाहीत." तिने श्वास घेतला. "तुम्ही पहिल्या रांगेत बसायचं. मधोमध. त्यांना तुमची पाठ दिसली पाहिजे."

"बसेन," काका म्हणाले.

बोलायला सोपं होतं ते. तुरुंगात उभी हयात काढलेला माणूस कुणाकडे पाठ करून बसत नाही. टपरीवरही काका पाठीशी भिंत बघून बसायचे. त्या रविवारी ते पहिल्या रांगेत मधोमध बसले. मागे खुर्च्या सरकण्याचे आवाज, खोकले, पुस्तकांची पानं. त्यात तो कुठे आहे, कळायला मार्ग नव्हता. पहिल्या गाण्यापासून शेवटच्या आशीर्वादापर्यंत त्यांची मान आखडलेली, कॉलर घामाने भिजलेली. एकदा मागून कुणाचं तरी पुस्तक पडलं आणि काकांचे दोन्ही हात आपोआप डोक्यावर गेले. पाळक क्षणभर थांबले आणि पुढे वाचू लागले. काकांनी हात हळूच खाली घेतले. रंगाऱ्याच्या अंगात एकोणीस वर्षं काय घर करून बसलं होतं, ते त्यांना त्या तासाभरात कुणी न सांगता थोडंसं कळलं.

सभासद ते झाले त्यानंतर दोन महिन्यांनी. पुढे उभे राहिले, दोन्ही प्रश्नांना हो म्हणाले. मग लोक रांगेने आले. म्हाताऱ्या बाया, शाळकरी मुली, एक शिंपी, एक बसकंडक्टर. हात हातात येत-जात होते आणि काका एकाचंही तोंड बघत नव्हते. रंगारी रांगेत उभा होता. पाचवा, मग चौथा, मग तिसरा. रंगारी तिसरा असताना थांबला, जरा वेळ उभा राहिला, मग वळला आणि जाऊन आपल्या जागेवर बसला. बायको पुढे आली. तिने हात दिला. तिचा पंजा खरखरीत आणि गरम होता.

"हा माझा," ती हलकेच म्हणाली. "त्यांचा नाही."

काकांनी मान डोलावली. रंगाऱ्याचा हात आला नाही म्हणून त्यांना वाईट वाटलं, आणि त्याच वेळी सुटल्यासारखंही वाटलं. त्या सुटकेची त्यांना फार लाज वाटली.

चौकशीत पेन्शन निम्मी कापली गेली. जोडीदाराचीही कापली. फोन त्यानंतर बंद झाले, पण बसस्टँडकडून जायचं म्हटलं की काका अजून लांबची वाट धरतात. जुने सोबती रस्त्यात भेटले तर दुकानांच्या पाट्या वाचू लागतात. लेक दोनदा येऊन गेली. एकदा स्वेटर घेऊन, एकदा काही न घेता. नातीला आणत नाही. "विचारते ती," एवढंच सांगते, आणि काका पुढचं विचारत नाहीत.

सभासदांची घरसभा दर गुरुवारी संध्याकाळी पाळीपाळीने एकेकाच्या घरी असते. काकांची पाळी आली तेव्हा त्यांनी दुपारपासून खोली झाडली, शेजाऱ्यांकडून चार खुर्च्या आणि एक सतरंजी मागून आणली. सहा वाजता जिन्यात पावलं वाजू लागली. काका दाराशी उभे राहून एकेका पावलाचं वजन ओळखायचा प्रयत्न करत होते. बसकंडक्टर आला, शिंपी आला, पाळक आले. शेवटी रंगाऱ्याची बायको आली, एकटीच. चप्पल काढता काढता तिने खाटेमागच्या भिंतीकडे पाहिलं, बोटाने पोपडा काढून बघितला.

"ओल आहे इथे. खरवडून घ्यायला हवं आधी, नुसता रंग टिकणार नाही," ती म्हणाली, आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसली.

काकांनी दार लावायला हात घातला, मग तिच्याकडे पाहिलं, आणि ते उघडंच ठेवलं. जिन्यातून वारा येत होता. पाळकांनी पुस्तक त्यांच्या हातात दिलं आणि आज तुम्ही वाचा म्हणाले. काका जिन्याकडे पाठ करून बसले आणि वाचू लागले.